कॉलेजच्या नावानं वेठबिगारी

अमेरिकेत अठरा वर्षांचा पोरगा सैन्यात भरती होऊ शकतो. परक्या मुलखात जाऊन माणसं मारू शकतो, स्वतः मरू शकतो. मत देऊ शकतो, कर्ज काढू शकतो. काळा असेल तर तुरुंगाची वाट त्याच्यासाठी त्याच्याही आधी खुली असते. पण हाच पोरगा बास्केटबॉल कितीही जबरदस्त खेळत असला तरी एनबीएत खेळून पगार घेऊ शकत नाही. निवडीच्या वर्षात त्याची १९ वर्षं भरली पाहिजेत आणि हायस्कूल सुटून एक वर्ष उलटलं पाहिजे. हा नियम २००५ साली टीमच्या मालकांनी आणि खेळाडूंच्या युनियननं मिळून केला. २००६ पासून तो लागू झाला आणि आजही तसाच आहे.

मग ते एक वर्ष पोरानं करायचं काय? व्यवस्थेनं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. कॉलेजात जा. शिक. फी माफ, राहायला खोली, खायला जेवण. त्या बदल्यात खेळ. पगार मागू नकोस, कारण तू विद्यार्थी आहेस.

यावर आपल्यातलाच एखादा म्हणेल, काय वाईट आहे? फुकट शिक्षण मिळतंय की! दोस्तांनो, या 'फुकट' शब्दावरच मला बोलायचं आहे. फुकट कोण देतंय आणि फुकट कोण राबतंय, हा हिशोब मांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

कॉलेजांच्या खेळांवर राज्य करणारी संस्था म्हणजे एनसीएए. दर मार्चमध्ये तिची बास्केटबॉल स्पर्धा होते. २०१० साली या एका स्पर्धेचे टीव्हीचे हक्क १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला विकले गेले. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, न्यायाधीश नसतो. तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. कोचला पगार, अधिकाऱ्यांना पगार, समालोचकाला पगार, मैदान झाडणाऱ्याला पगार. ज्याचा खेळ बघायला लोक तिकीट काढतात, त्याला मात्र वरण-भात.

तोही पोटभर नाही. २०१४ साली कनेक्टिकट विद्यापीठाचा शबाझ नेपियर आपल्या टीमला विजेतेपद मिळवून देत होता. त्याच दिवसांत त्यानं पत्रकारांना सांगितलं की, कधी कधी रात्री मी उपाशी झोपतो. देशभर बभ्रा झाला. मग काही दिवसांतच एनसीएएनं खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. म्हणजे तोवर जेवणावर मर्यादा होती! अब्जावधीचा धंदा, आणि मजुराच्या ताटातली भाकरी मोजून.

२० फेब्रुवारी २०१९ ची गोष्ट घ्या. ड्यूक विद्यापीठाचा झायन विल्यमसन नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध खेळायला उतरला. ओबामा बघायला आलेले. पहिल्याच मिनिटात त्याच्या पायातला नायकेचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशी बूट कंपनीचा शेअर घसरला, त्याची बातमी झाली. ते बूट घालायचा करार विद्यापीठानं केला होता. गुडघा पोराचा होता.

या सगळ्याला झाकायला एक गोंडस शब्द आहे, 'विद्यार्थी-खेळाडू'. हा शब्द कुठल्या शिक्षणतज्ज्ञानं काढलेला नाही. तो वकिली डोक्यातून आला. १९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा कॉलेजचा फुटबॉलपटू मैदानावर डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेनं, कामावर असताना मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना मिळते ती भरपाई मागितली. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही, म्हणून तो कामगार नव्हता! अशा दाव्यांतून सुटण्यासाठीच हा शब्द आम्ही रुजवला, असं एनसीएएचा पहिला कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यानं निवृत्त झाल्यावर १९९५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. या व्यवस्थेला त्यानं मळेवाल्यांच्या मानसिकतेची उपमा दिली. मळा म्हणजे कुठला मळा, हे काळ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वेठ म्हणजे काय, हे आपल्यालाही कुणी समजावून सांगायची गरज नाही.

अशा वेळी काही पोरांनी पासपोर्ट काढला.

पहिला होता ब्रँडन जेनिंग्स. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा. २००८ साली ॲरिझोना विद्यापीठात जाणार होता, तो गेला थेट इटलीत, रोमच्या टीमकडं. लाखो डॉलरचा पगार, शिवाय बूट कंपनीचा करार. तिथं त्याला फार खेळवलं नाही. प्रौढ, कसलेल्या खेळाडूंत हा एकोणीस वर्षांचा पोरगा. सरासरी साडेपाच गुण. लोक म्हणाले, संपला. २००९ साली एनबीएत दहाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली आणि त्याच नोव्हेंबरात एका सामन्यात त्यानं ५५ गुण ठोकले.

दुसरा इमॅन्युएल मुडिआय. किन्शासात जन्मलेला, युद्धातून निसटून घरच्यांबरोबर टेक्ससला आलेला. २०१४ साली त्यानं कॉलेज सोडून चीनमधल्या ग्वांगडोंगच्या टीमशी करार केला. आईचे हाल बघून थकलो, असं त्यानं कारण सांगितलं. १२ लाख डॉलर. घोटा दुखावला, मोजकेच सामने खेळला, तरी २०१५ साली सातव्या क्रमांकावर निवडला गेला. पुढं ऑस्ट्रेलियाच्या लीगनं २०१८ साली अशा पोरांसाठी खास योजनाच काढली. लामेलो बॉल तिथं खेळला आणि २०२० साली तिसऱ्या क्रमांकावर एनबीएत आला.

ही पोरं निघाली तेव्हा अमेरिकेतल्या शहाण्यासुरत्यांनी काय आरडाओरडा केला! पैशाच्या मागं लागली. शिक्षणाला लाथ मारली. संस्कार नाहीत. मी या शहाण्यांना एकच विचारतो. जेनिफर कॅप्रियाती १९९० साली तेराव्या वर्षी टेनिसची व्यावसायिक खेळाडू झाली, तेव्हा तिच्या पदवीची काळजी कुणी असा नियम करून वाहिली होती का? ज्या २००५ साली हा नियम झाला, त्याच साली सिडनी क्रॉसबी अठराव्या वर्षी आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये उतरला. त्याला भविष्याचा राजपुत्र म्हणून डोक्यावर घेतलं. बेसबॉलमध्ये हायस्कूलच्या पोरांना आजही थेट करार मिळतो. हॉकी गोऱ्यांचा, टेनिस गोऱ्यांचा. वयाची भिंत बांधली ती अमेरिकन फुटबॉलमध्ये आणि बास्केटबॉलमध्ये, जिथं बहुसंख्य खेळाडू काळे आहेत. २००५ साली जर्मेन ओनील या खेळाडूनं यात वंशाचा प्रश्न आहे असं उघड म्हटलं. तो स्वतः हायस्कूलमधून थेट आला होता. त्याच्यावरच लोक चिडले. विचारणारा नेहमीच गुन्हेगार ठरतो.

आता आपल्या मनातला खरा काटा. आपण शिक्षणाला मानणारी माणसं. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी लिहून दिला होता. म्हणजे शिष्यवृत्तीला अट तेव्हाही होती. मग कॉलेज सोडून चेंडू आपटायला परदेशी जाणाऱ्या पोरांची बाजू आपण कशी घ्यायची?

घ्यायची. कारण बाबासाहेबांना तिथं खरोखर शिकू दिलं. ग्रंथालय होतं, गुरू होते, वेळ होता. नोकरीची अट शिक्षणानंतरची होती, शिक्षणाच्या जागी नव्हती. आणि नॉर्थ कॅरोलायनात काय झालं ते ऐका. देशातलं नावाजलेलं सरकारी विद्यापीठ. तिथं १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं खोटे वर्ग चालले. तास नाही, मास्तर नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि मार्क घ्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानं सांगितलं की, ३,१०० हून जास्त विद्यार्थी या वर्गांतून गेले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. आणि हा कारभार कुठल्या विभागात चालला? आफ्रिकी आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात! काळ्यांचा इतिहास शिकवायला जो विभाग लढून मिळवला, त्याच्याच नावावर काळ्या पोरांना अडाणी ठेवायचं काम झालं. हे शिक्षण? हा शिक्षणाचा मुडदा आहे. जे शिक्षण दिलंच नाही, ते नाकारल्याचा ठपका पोरांवर कसा ठेवता?

पण परदेश म्हणजे स्वर्ग असंही मी म्हणणार नाही. जेरेमी टायलर सॅन दिएगोचा. २००९ साली हायस्कूलचं शेवटचं वर्षही न करता इस्रायलमध्ये हैफाच्या टीमकडं गेला. १,४०,००० डॉलर. अठरा वर्षांचं पोर, भाषा परकी, सोबत आपलं माणूस नाही. बाकावर बसून कुजला. २०१० च्या मार्चमध्ये हंगाम अर्धवट सोडून घरी परतला. मग टोकियोला गेला, तिथं २०११ च्या भूकंपानं त्याच्या टीमचा हंगामच थांबला. त्या वर्षी निवड झाली ती ३९ व्या क्रमांकावर. पुढं एनबीएत फार टिकला नाही. परदेशातला मालकही मालकच असतो. तो पोराची आई होत नाही. त्याला चेंडू जाळीत पाहिजे आणि खुर्च्या भरलेल्या पाहिजेत.

तरीसुद्धा फरक आहे. तिथं मालकानं मालक म्हणून हात पुढं केला. पगारपत्रक दिलं. तू राबतोस, हे कबूल केलं. कामगाराला पिळणारा मालक वाईटच. पण तू कामगारच नाहीस असं सांगून पिळणारा त्याच्याहून बदमाश.

आणि विमानाचं तिकीट सगळ्यांना मिळत नाही. ज्याचं नाव आधीच गाजलं त्यालाच रोम, त्यालाच सिडनी. मागं राहिलेल्या हजारोंचं काय? एकट्यानं पळून जाणं हा मार्ग होऊ शकतो, चळवळ होऊ शकत नाही. ज्यांनी भिंत पाडली ते भांडले. स्पेन्सर हेवूड मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात लहानपणी राबलेला पोरगा. हायस्कूल सुटल्यावर चार वर्षं थांबण्याचा तेव्हाचा नियम त्यानं मोडला आणि १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लीगविरुद्ध निकाल मिळवला. त्यामुळंच पुढच्या पिढ्यांना लवकर पगार मिळाला. एड ओबॅननला आपलाच चेहरामोहरा एका व्हिडिओ गेममध्ये विकला जाताना दिसला, पैसा मात्र एकाही पैशाचा नाही. २००९ साली तो कोर्टात गेला. २०२१ साली ॲल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एनसीएएच्या विरुद्ध गेले. त्याच जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मोकळीक मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये मोठी तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलर भरपाई, आणि प्रत्येक कॉलेजला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटता येतील.

आता गंमत बघा. पैसा येताच वाहतूक उलटी फिरली. कॉलेजला पर्याय म्हणून एनबीएनं २०२० साली काढलेली इग्नाइट ही टीम २०२४ साली बंद पडली. आता युरोपातली पोरं अमेरिकेच्या कॉलेजांकडं निघालीत. शिक्षणाची महती सांगणाऱ्या त्या शहाण्यांना हे उत्तर पुरे व्हावं. पोरं ग्रंथालयातून पळाली नव्हती, फुकट राबण्यातून पळाली होती.

मग लढाई संपली? नाही. पैसे देतात, पण कामगार म्हणत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल टीमनं १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं. कॉलेजनं पोरांशी बोलणी करायला नकार दिला. कामगार मंडळ बदलणार, निकाल उलटा लागून सगळ्यांचीच वाट अडेल, हे ओळखून डिसेंबरअखेर त्यांना अर्ज मागं घ्यावा लागला. 

आणि वयाचा नियम? त्यावर युनियननंही सही केली होती, हे मी वर सांगितलंच. कारण सरळ आहे. नवा पोरगा आला की जुन्याची जागा जाते. ज्यांना त्या खोलीत मत नव्हतं, त्यांचं वर्ष विकून आतल्यांनी आपली खुर्ची राखली. काळ्यांनीच काळ्यांच्या पोरांसाठी दार लावून घेतलं. हे वाचून अमेरिकेला हसू नका. आपल्या आजूबाजूला बघा. आत गेलेला माणूस बाहेरच्याला विसरतो, ही काही तिकडचीच गोष्ट नाही.

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते ओकलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या ब्लॅक पँथरवरून. नाव घेतलं म्हणजे नातं घेतलं. त्या नात्यानं मी एवढंच म्हणेन. तुमच्या अंगात जोर आहे, हातात कसब आहे, आणि कुणी येऊन सांगतंय की आधी आमच्याकडं फुकट राब, त्यातच तुझं शिक्षण आहे, तुझं कल्याण आहे, तर आधी त्याला त्याचा स्वतःचा पगार विचारा. त्यानं आकडा सांगितला की मग आपला सांगा. आणि एकट्यानं सांगू नका.