पेरू : करारावरील मतदानानंतरची कहाणी

दोन राष्ट्रांमधील मुक्त व्यापार करारावर विधिमंडळात मतदान होते, तेव्हा बातमी होते ती मतांच्या आकड्यांची. (आपल्या देशात असे मतदान बंधनकारक नाही, मंत्रिमंडळाची संमती पुरते.) पेरूच्या संसदेने अमेरिकेसोबतचा करार २८ जून २००६ रोजी ७९ विरुद्ध १४ मतांनी मंजूर केला. त्या सभागृहाची मुदत संपण्यास तेव्हा जेमतेम महिना उरला होता आणि नवे सदस्य निवडूनही आले होते. अमेरिकन काँग्रेसने मात्र कामगारहक्क व जंगलरक्षणाची कलमे वाढवून घेतली आणि डिसेंबर २००७ मध्ये होकार पूर्ण केला.

आमच्या मते खरा निर्णय त्यानंतर झाला. त्याच महिन्यात पेरूच्या संसदेने कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा आपला अधिकार सहा महिन्यांकरिता सरकारच्या स्वाधीन केला. राष्ट्राध्यक्ष आलान गार्सिया यांच्या सरकारने त्या मुदतीत ९९ वटहुकूम काढले. त्यांतील काही जंगलांविषयी व सामूहिक जमिनींविषयी होते. ॲमेझॉन खोऱ्यातील आवाहून, वाम्पिस आदी आदिवासींना कोणी विचारले नाही. वास्तविक असा विचारविनिमय बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा ठराव पेरूने १९९४ सालीच स्वीकारला होता. करारातील कलमे जंगल राखण्यासाठी होती. त्याच कराराच्या नावाने निघालेल्या वटहुकुमांनी जंगलात राहणारा माणूस धास्तावला, ही विसंगती आम्हाला विशेष खटकते.

पोप लिओ चौदावे पुढे ज्या उत्तर पेरूमध्ये चिक्लायोचे बिशप झाले, त्याच भागात, अँडीजपलीकडे बाग्वा आहे. तेथे रस्ता अडवून बसलेल्या आदिवासींना हटविण्यासाठी ५ जून २००९ रोजी पोलीस गेले. त्या दिवशीच्या हिंसाचारात ३३ जण मृत्यू पावले : २३ पोलीस आणि १० नागरिक. मृतांमध्ये पोलीस अधिक होते, हे आदिवासींची बाजू घेणाऱ्यांनीही विसरू नये. तेरा दिवसांनी संसदेने दोन वादग्रस्त वटहुकूम ८२ विरुद्ध १४ मतांनी रद्द केले. म्हणजे जे आधी चर्चेने करता आले असते, ते प्रेते उचलल्यावर केले गेले.

सप्टेंबर २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओयांता उमाला यांनी बाग्वा प्रांतात जाऊन पूर्वविचारविनिमयाच्या कायद्यावर सही केली. आता आदिवासींना विचारणे सक्तीचे आहे. अंतिम निर्णय मात्र शासनाकडेच राहतो.