बाख जन्मला तेव्हा आपण काय करत होतो?

बेंगळुरूतल्या हेब्बाळ आणि आसपासच्या मराठी घरांत युरोपीय अभिजात संगीताची ओढ वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मुलं व्हायोलिन शिकतात, पियानोच्या परीक्षा देतात, बाख आणि विवाल्दी आवडीनं ऐकतात. पण या ओढीचा हात धरून एक समजही घरात शिरतो आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. समज असा: साधारण १६०० ते १७५० या बरोक काळात युरोपात चित्र, संगीत आणि नृत्य एकदमच बहरलं, आपण मराठी माणसं तेव्हा घोड्यावर होतो. आपल्या वाट्याला तलवार आली, कला मागाहून आल्या. हा समज चुकीचा आहे आणि तो बेंगळुरूत राहून बाळगणं तर अधिकच चुकीचं.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. तो चार गोष्टी सांगतो. एक, मराठी मुलूख तेव्हा सतत लढाईत होता; अशा धामधुमीत कला वाढत नाही. दोन, मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’नं झाला, त्याआधी दाखवण्याजोगं काही नाही. तीन, तंजावरच्या भोसल्यांनी काही नाटकं लिहिली असतील, पण ती तेलुगू यक्षगान या गीत-नृत्यनाट्याची उसनवारी. तो राजवाड्यातला हौसेचा मामला होता आणि त्याचा धागा पुढे चालला नाही. चार, कॅराव्हॅज्जो किंवा रेम्ब्रांटच्या जवळपास जाईल असं चित्र आपल्याकडे नाही.

पहिला मुद्दा घेऊ. लढाई असली की कला थांबते, हे युरोपलाच लागू पडत नाही. १६१८ ते १६४८ ही तीस वर्षं जर्मन मुलूख युद्धानं उजाड झाला. ड्रेस्डेनच्या दरबारातले गायक-वादक पांगले. तेव्हा हाइनरिख श्युट्झनं १६३६ आणि १६३९ मध्ये अशा भक्तिरचना छापल्या की ज्यांना मोजके गळे आणि ऑर्गनसारखी साथ पुरावी. हाताशी माणसं कमी, म्हणून त्यानं रचनेचं रूप बदललं. रचना सोडली नाही. आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात असताना, १६९०च्या सुमारास, तिथून दक्षिणेला तंजावरात व्यंकोजीचा मुलगा शहाजी मराठीत ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ लिहीत होता. घराणं एक, काळ एक. एकीकडे वेढा, दुसरीकडे रंगभूमी.

मग आपल्याला वेढाच का आठवतो? कारण लढाईच्या खुणा टिकाऊ असतात. हेब्बाळातच इसवी सन ७५०च्या आसपासचा कित्तय्याचा वीरगळ सापडला आहे. लढून पडलेल्या माणसाचं नाव दगडानं साडेबाराशे वर्षं सांभाळलं. त्याच गावात तेव्हा कोण गात होतं, हे सांगायला दगड नाही. खूण उरली नाही एवढ्यावरून गाणंच नव्हतं म्हणणं, हा तर्क नव्हे.

आणि बेंगळुरूच्या बाबतीत तर खूणही उरलेली आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं हे शहर घेतलं आणि पुढे ते व्यंकोजीचे वडील शहाजीराजे यांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या दरबारावर जयराम पिंड्ये यानं ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला; इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ साली प्रसिद्ध केला. जयराम दरबारात आला तो बारा नारळ राजांपुढे ठेवून: बारा भाषांत आपण कविता करतो, याची ती ग्वाही होती. त्याच्या ग्रंथात अनेक भाषांचे कवी शहाजीराजांपुढे आपापली रचना म्हणतात. बेंगळुरूच्या मराठी माणसाचा सांस्कृतिक इतिहास सॉफ्टवेअर कंपन्यांपासून सुरू होत नाही, तो इथून सुरू होतो. याच बेंगळुरूहून व्यंकोजी तंजावरला गेला आणि त्यानं १६७५-७६च्या सुमारास तिथली गादी घेतली.

दुसरा मुद्दा सांगलीचा. भाव्यांचं ऋण मोठं आहे. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकापुढे मराठी नाटक उभं राहिलं ते त्यांच्या परंपरेमुळे. पण त्यासाठी तंजावर पुसून टाकायची गरज नाही. व्यंकोजीचा मुलगा शहाजी १६८४ मध्ये तिथल्या गादीवर आला. बाख आणि हेंडेल दोघेही त्याच्या पुढच्याच वर्षी, १६८५ मध्ये जन्मले. १७१२ पर्यंतच्या कारकिर्दीत शहाजीनं मराठी, तेलुगू, संस्कृत आणि तमिळ अशा भाषांत लिहिलं. त्याचं तेलुगू ‘पल्लकीसेवाप्रबंध’ तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराशी जोडलेलं, आरंभापासून अखेरपर्यंत गायचं आणि नाचायचं नाट्य आहे. १६९३ मध्ये त्यानं शेहेचाळीस पंडितांना शाहजिराजपुरम हे गाव अग्रहार म्हणून दान दिलं. शहाजीच्या नाटकांची घडण पाहा. पात्र रंगावर येतं ते दरूवर. त्या एका गाण्यात त्याचं नाव, थाट आणि स्वभाव प्रेक्षकाला कळतो. गोष्ट सांगायची म्हणून नाच थांबत नाही आणि नाचायचं म्हणून गाणं तुटत नाही. चौदाव्या लुईनं १६५३ मध्ये सूर्याच्या वेशात नाचून राजसत्ता रंगमंचावर आणली, याचं कौतुक जग करतं आणि ते योग्यच आहे. मग नाटक लिहिणारा, त्यातली पदं रचणारा राजा आपल्या शालेय पुस्तकात का नसावा?

तिसरा मुद्दा उसनवारीचा. यक्षगानाचा साचा तेलुगू होता, हे खरं आहे. पण बरोक संगीत दुसरं काय करत होतं? फ्रेंच ऑपेरा घडवणारा ल्युली फ्लोरेन्समध्ये जन्मलेला इटालियन. जर्मन हेंडेल लंडनच्या प्रेक्षकांसाठी इटालियन भाषेतले ऑपेरे लिहीत होता. बाखनं इटालियन धाटणीची कॉन्चेर्तो एकट्या हार्प्सिकॉर्डवर उतरवली. त्यांनी घेतलं ते आदानप्रदान आणि आपण घेतलं ती उसनवारी, हा दुटप्पी न्याय झाला. शहाजीचं ‘पंचभाषाविलास’ हे नाटक तर पाच भाषांत आहे आणि मराठी त्यांतली एक. बारा नारळांच्या दरबारातून निघालेल्या घराण्याला हे शोभूनच दिसतं. ज्या शहरात लिफ्टमध्ये कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि मराठी एका दमात ऐकू येतात, त्या शहराला तर हे नाटक आजचंच वाटायला हवं.

धागा पुढे चालला नाही, हेही खरं नाही. तो उत्तरेला आला नाही, दक्षिणेत वाढला. तंजावरच्या तुळजाराजानं १७२८ ते १७३६ या कारकिर्दीत ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये रामोचा सुसंवादशास्त्रावरचा ग्रंथ १७२२ चा. दोन टोकांना, एकाच पिढीत, स्वरांची व्यवस्था लावली जात होती. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या सरफोजीच्या दरबारात तंजावरचे चार बंधू होते आणि आज बेंगळुरूतल्या भरतनाट्यमच्या वर्गांत मुली जो क्रम शिकतात, त्याची घडी त्यांनीच बसवली. तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग गायले जातात. प्रभाव याहून वेगळा कसा असतो?

चौथा मुद्दा चित्रांचा. रेम्ब्रांटसारखी छाया-प्रकाशाची चित्रं आपल्याकडे नाहीत, हे सरळ मान्य करावं. आज दिसणारी जुनी तंजावर चित्रंही बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत. पण ती भडक कारागिरी म्हणून बाजूला सारण्याआधी एकदा जवळून पाहावीत. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूचा लेप द्यायचा. मग दागिने, प्रभावळ, खांब यांच्या जागी खडू आणि डिंकाच्या घट्ट लगद्यानं उठाव काढायचा, काच-खडे बसवायचे आणि उठावावर सोन्याचा वर्ख दाबायचा. गोव्यातल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या चर्चांच्या सोनेरी वेदी पाहा: तिथेही लाकूड, त्यावर खडूचा लेप, त्यावर वर्ख. यातून एकानं दुसऱ्याकडून घेतलं असा निष्कर्ष मी काढत नाही. मुद्दा एवढाच की मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात देव उजळून दिसावा, ही गरज दोन्हीकडे होती आणि दोन्हीकडे तिला सोन्यानं उत्तर दिलं. गोव्यातल्या त्या वेदीला आपण बरोक कला म्हणतो आणि तंजावरच्या देवाला भिंतीवरची शोभा. ही फूटपट्टी बदलायला हवी.

आता माझी बाजू. तंजावरला ‘भारताचं बरोक’ म्हणावं, असं मी म्हणत नाही. अनेक स्वररेषा एकाच वेळी गुंफण्याची बाखची विद्या आपली नाही. एका रागाचा एकेक पदर उलगडण्याची आपली विद्या त्याची नाही. आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं छाती फुगवून सांगणंही मला तितकंच परकं आहे. माझा सिद्धांत वेगळा आहे: बरोक आज जिवंत आहे तो अखंड परंपरेमुळे नव्हे, तर तो शोधून पुन्हा उभा केला गेला म्हणून. माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारासाठी झाला आणि पुढे शतकानुशतकं बंद राहिला. विसाव्या शतकात तो पुन्हा रंगावर आला. बाखचा ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ १८२९ मध्ये विशीतल्या मेंडेलसननं बर्लिनमध्ये पुन्हा ऐकवला. दरबारी म्हणून, विस्मृतीत गेलेलं म्हणून त्यांनी ते टाकून दिलं नाही. त्यांनी कपाटं उघडली, जुनी वाद्यं नव्यानं घडवली आणि गायला बसले.

आपलं कपाट तंजावरच्या सरस्वती महालात आहे. तिथे मराठी हस्तलिखितं हजारांनी आहेत, त्यातली काही नाटकं छापूनही झाली आहेत. शहाजीच्या काळच्या रागलक्षणांची नोंद असल्यामुळे ती पदं कोणत्या रागांच्या अंगानं गावीत, याला आधारही आहे. बेंगळुरूत त्यासाठी लागणारी सगळी माणसं आहेत: मराठी वाचणारे, कर्नाटक संगीत गाणारे, भरतनाट्यम शिकवणारे, तेलुगू-तमिळ जाणणारे. पुण्या-मुंबईला हा मेळ जमवायला धावाधाव करावी लागेल. हेब्बाळात तो एका सोसायटीत जमतो. म्हणून इथल्या मराठी मंडळांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: येत्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, सांगलीला वंदन करून ‘लक्ष्मीनारायणकल्याण’चे निदान दोन दरू गाऊन आणि नाचून दाखवा. आणि व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना बाखचं जन्मवर्ष सांगाल तेव्हा त्याच्या आदल्या वर्षी तंजावरात कोण गादीवर आला, तेही सांगा.