सुई टोचण्याआधी

गुडघेदुखी घेऊन तीन वर्षं मी दवाखाने पालथे घातले. उत्तर सगळीकडे एकच: "चाळिशीनंतर बायकांचं असंच असतं. वजन कमी करा." दिवसातून किती तास उभी असते, पाणी किती जिने चढून भरते, हे कुणी विचारलं नाही. शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात गेले.

पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी पाऊण तास प्रश्न विचारले. झोप, भूक, पोट, पाळी, बाळंतपणं, कामाचे तास. जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली. मला रडूच आलं. दुखतं म्हणून नव्हे, कुणीतरी विचारलं म्हणून.

मग सुया. इंजेक्शनच्या सुईपेक्षा त्या खूपच बारीक असतात, पोकळ नसतात, त्यांतून औषध जात नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटलं, मग आत जडपणा, झिणझिण्या. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. घरी पोचेपर्यंत सुस्ती होती, एका जागी छोटा काळा-निळा डाग पडला. चार-पाच खेपांनंतर जिना चढणं थोडं सोपं झालं.

इथे थांबले तर ही जाहिरात होईल. पण तिसऱ्या खेपेला पडद्यापलीकडच्या खाटेवर एक विशीतली सून होती, सोबत सासू. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल नाही. माझं पाऊण तास ऐकणाऱ्या त्याच डॉक्टरबाईंनी सगळे प्रश्न सासूला विचारले. तिची पाळी कधी येते, हेसुद्धा! सुनेच्या वाट्याला एकच वाक्य आलं: "साडी जरा खाली घे, पोटावर सुया लावायच्यात." तिच्या नवऱ्याची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न आलाच नाही. आणि मी, इतकी वर्षं मोर्च्यांत घोषणा देणारी, पडद्याआड गप्प पडून राहिले. म्हणून हे लिहिते आहे.

माझं ऐकलं गेलं, कारण मी एकटी गेले होते आणि फी माझ्या पगारातून देत होते. ती 'आणलेली' होती. मोठी इस्पितळं पुरुषी आणि पर्यायी उपचार मात्र बायकांचे सखे, ही आपल्यातली समजूत भाबडी आहे. उपचार बदलला तरी घरातली उतरंड दवाखान्यात सोबत येते. डॉक्टर बाई असली तरीही येते.

शिवाय या सुयांकडून काय मिळतं? जुनाट पाठदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत काहींना आराम पडतो. पण खोट्या सुया लावूनही बऱ्याच जणांना बरं वाटतं, खऱ्या-खोट्यातला फरक लहान आहे. मुलाचं म्हणाल, तर पाळी अनियमित असलेल्या, पीसीओएसच्या 1000 स्त्रियांवर चीनमध्येच मोठा अभ्यास झाला, 2017 साली प्रसिद्ध झाला. ॲक्युपंक्चरने मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे त्या सुनेला कोण सांगणार?

म्हणून मैत्रिणींनो, जायचं तर जा, पण विचारून जा. महाराष्ट्रात 2015 चा ॲक्युपंक्चर कायदा आहे. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका. सुयांचं नवं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा; एकदा वापरलेली सुई दुसऱ्या अंगाला लागता कामा नये. सुया कुठे लावणार, कपडे किती सैल करायचे, हे आधी विचारा आणि हवी तर सोबत बाई मागा. गरोदर असाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, छातीत पेसमेकर असेल, तर आधी सांगा. चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, स्तनात गाठ लागली, तर सुया नकोत, आधी तपासणी. किती खेपांत काय फरक पडायला हवा, किती खर्च येईल, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. फरक नाही पडला तर थांबण्याचा अधिकार आपला आहे. "नको" म्हणण्याचाही.

आणि आपल्या गटांसाठी एक काम. पाऊण तास ऐकून घेणं ही कुठल्या पद्धतीची मेहेरबानी नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेतल्या बाईलाही ते मिळायला हवं, आणि ते तिला स्वतःला विचारून, तिच्या सासूला नव्हे. ही मागणी आपण लावून धरू या. पुढच्या वेळी पडद्यापलीकडून तसा आवाज आला, तर मी गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.