‘मशीन गेली’ म्हणण्याआधी

धामणगाव रेल्वेसारख्या गावात शाळेतला संगणक सुरू होईना, की निदान एकच: ‘मशीन गेली.’ मग ती कोपऱ्यात धूळ खात पडते. नुकसान होतं ते घरी संगणक नसलेल्या मुलाचं. माझं म्हणणं एवढंच, की मशीन कोपऱ्यात टाकण्याआधी ती काय सांगते ते ऐकावं, आणि ते ऐकायला आठवी-नववीच्या मुलांना शिकवावं.

उपाय जुना आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मागे बऱ्याचदा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो. त्यामागचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं. दोन संगणक जोडायला ‘नल मोडेम’ केबल लागते. तिच्यात एका टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ला, ३ची २ला आणि ५ची ५ला जोडलेली असते. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जावं म्हणून. लॅपटॉपला असा पोर्ट नसेल तर यूएसबी-सिरियल अडॅप्टर चालतो.

बिघडलेल्या संगणकात लिनक्स असेल, तर ग्रबच्या सेटिंगमध्ये पहिल्या सिरियल पोर्टला कन्सोल म्हणून नेमावं. ही सोय मशीन धडधाकट असतानाच केलेली बरी. दुसऱ्या संगणकावर मिनिकॉम किंवा पुटी उघडावं. दोन्हीकडे वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. वेग जुळला नाही तर अगम्य अक्षरं उमटतात. जुळला, की मॉनिटर काळा असला तरी हार्ड डिस्क सापडत नाही की फाइल सिस्टिम बिघडली, हे ओळीओळीने वाचता येतं. एकही ओळ आली नाही, तर आधी केबल आणि पॉवर सप्लाय तपासावा.

‘हे मिस्त्रीचं काम, शाळेचं नाही,’ असं काही पालक म्हणतील. आपल्या समाजात गॅरेज, वेल्डिंग, मोबाईल दुरुस्तीवर कितीतरी घरं चालतात. तरी अब्बूंच्या दुकानात हात काळे करणाऱ्या मुलावर आपण ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का मारतो. हुनर आणि इल्म यांच्यात ही भिंत कुणी बांधली? मी भाषेचा शिक्षक आहे. एरर मेसेज नीट वाचणं, त्याचा अर्थ मराठीत किंवा उर्दूत वहीत उतरवणं, हा माझ्या मते भाषेचाच धडा आहे. आणि तो मुलींनाही तितकाच हवा.

दोन जुने संगणक, एक केबल आणि महिन्यातून एक तास, एवढं शाळांनी करून पाहावं. भंगाराच्या यादीत मशीनचं नाव चढवण्याआधी तिची शेवटची ओळ कुण्या विद्यार्थ्याने वाचलेली असावी.