विमान की काडतूस?

गेल्या खंडेनवमीला मी दाजींच्या वर्कशॉपात पूजेला गेलो होतो. या सदराच्या वाचकांना दाजी नवे नाहीत. आमच्या ताईचे यजमान. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ, दोन सीएनसी यंत्रे, मोटारींची तार गुंडाळणारे एक नवे यंत्र आणि चौदा कामगार असा त्यांचा प्रपंच आहे. नवे यंत्र बँकेचे कर्ज काढून घेतलेले, म्हणून त्याला झेंडूची माळ जरा मोठी होती.

खंडेनवमीला भोसरीतून एकदा तरी फिरून यावे. एरवी जिथे शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे त्या दिवशी पेढ्याच्या पुड्याचा कागद वाजलेला ऐकू येतो. पाटावर पाना, हातोडा, व्हर्नियर, मायक्रोमीटर मांडून हळदकुंकू वाहायचे, यंत्राला नारळ फोडायचा आणि कामगारांना मिठाईचा पुडा द्यायचा, असा दाजींचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या खेपेस आमच्या भाच्याने त्या पाटावर एक नवी वस्तू आणून ठेवली. जेवणाच्या ताटाएवढे, चार पंखांचे ड्रोन!

गुरुजींचा हात हवेतच थांबला. "हे काय म्हणून पुजायचे? शस्त्र, वाहन, की अवजार?"

"गुरुजी," दाजी म्हणाले, "हाच प्रश्न हल्ली मोठमोठ्या सेनापतींना पडला आहे. तुम्ही आपल्या अक्षता टाका."

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता, हे मला त्याच रात्री कळले.

सरकारी दप्तरात वस्तूला काय नाव मिळते, यावर तिचे पुढचे सारे नशीब अवलंबून असते. विमान म्हटले की त्याला नोंदवही आली, वर्षानुवर्षांच्या चाचण्या आल्या, आणि ते पडले तर चौकशी आली. काडतूस म्हटले की ते मोजून घ्यायचे, वापरायचे आणि संपले की पुन्हा मागवायचे. शेजारच्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे. तिथून गेलेली गोळी परत आली नाही म्हणून आजवर कोणी जबाब घेतला असेल असे वाटत नाही. मग जे यंत्र विमानासारखे उडते, पण गोळीसारखे खर्ची पडते, त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

अमेरिकेने याचे उत्तर जुलै २०२५ मध्ये दिले. तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी हुकूम काढला की, लहान ड्रोने ही यापुढे टिकाऊ मालमत्ता न मानता खर्चाची वस्तू मानावी, आणि ती विकत घेण्याचा अधिकार खालच्या पथकप्रमुखांपर्यंत पोचवावा. युक्रेनच्या रणांगणाने हा धडा आधीच घालून दिला होता. त्या देशाने २०२४ साली मानवरहित यंत्रांसाठी सैन्याची एक स्वतंत्र शाखाच उभी केली.

आपल्याकडे काय? नागरिकांपुरते सांगायचे तर २०२१ च्या ऑगस्टात आलेले ड्रोन नियम पुष्कळ सुटसुटीत आहेत. वजनावरून पाच वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे सर्वांत धाकटे. मग २ किलोपर्यंत, २५ किलोपर्यंत, १५० किलोपर्यंत आणि त्यावरचे. धाकट्याला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दुसऱ्या वर्गालाही, हौसेखातर उडवणार असाल तर लागत नाही. बाकीच्यांना अठरा ते पासष्ट वयाचा, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला चालक हवा. आकाशाचेही हिरवे, पिवळे आणि तांबडे असे तुकडे पाडले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा, तांबड्यात सरकारच्या परवानगीवाचून पंखही हलवायचा नाही. आता एका बाजूला देहूरोडची छावणी, दुसऱ्या बाजूला दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पलीकडे दिघीची संशोधन संस्था आणि लोहगावचा विमानतळ. तेव्हा पिंपरी-चिंचवडकराने पोराच्या हातात ड्रोन देण्यापूर्वी नकाशा पाहावा हे बरे!

पण हे नियम सैन्याच्या स्वतःच्या ड्रोनांना लागू नाहीत. तसे त्या नियमांतच म्हटले आहे. सैन्याची खरेदी चालते ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदीच्या कार्यपद्धतीने. तीत पहिला मान आहे तो भारतात रचलेल्या, भारतात विकसित केलेल्या आणि भारतात बनवलेल्या मालाला, आणि त्यात किमतीच्या निदान ५० टक्के भाग देशी असावा लागतो. आधी गरज मान्य व्हायची, मग निविदा, मग कागदी तपासणी, मग प्रत्यक्ष मैदानावरची चाचणी. विक्रेत्याने आपले यंत्र स्वखर्चाने घेऊन बर्फात नाहीतर वाळवंटात हजर व्हायचे आणि शेवटी ज्याचा भाव कमी त्याची सरशी. तोफेच्या खरेदीला ही रीत ठीक. पण ड्रोनचा नमुना सहा-आठ महिन्यांत जुना होतो. निविदा पिकेपर्यंत फळ सडायचे! म्हणून तातडीच्या खरेदीची वेगळी वाट ठेवलेली आहे. ७ ते १० मे २०२५ चा ऑपरेशन सिंदूरचा संघर्ष आपल्याला आठवत असेल. ८ मेच्या एका रात्रीत पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोने सोडली, असे सरकारनेच सांगितले होते. त्यानंतर जूनमध्ये मंत्रालयाने याच तातडीच्या वाटेने १३ करार केले; एकंदर रक्कम १,९८१ कोटी ९० लाख रुपये. त्यात ड्रोने होती आणि लक्ष्यावर घिरट्या घालून झेपावणारी अस्त्रेही होती.

असल्या अस्त्राचा नमुना आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागपूरला तयार झालेले नागास्त्र-१ हे नऊ किलोंचे, जवानाच्या पाठीवरून नेता येते. त्यात एक किलो स्फोटक असते आणि लक्ष्य सापडले नाही तर ते परत बोलावून पॅराशूटने उतरवून घेता येते. सैन्याने ४८० मागवली आणि पहिली १२० जून २०२४ मध्ये पोचली. त्यातले पाऊण हिश्शाहून अधिक भाग देशी आहेत. चाकणलाही २०२२ साली १३० किलो भार उचलणाऱ्या 'वरुण' या माणूसवाहू ड्रोनची उड्डाणे झाली; ते नौदलासाठी होते. म्हणजे आपल्या मुलखाला हे अवघड आहे असे नाही.

आता त्या रात्रीची गोष्ट. प्राधिकरणातल्या ताईच्या घरी जेवणे झाली आणि दाजींनी खिशातून एक कागद काढला. एक कंपनी सैन्याच्या निविदेसाठी ड्रोन बनवीत होती. तिच्या मोटारींचे काम दाजींना मिळण्याजोगे होते. अट एवढीच की, मोटारीत देशी भाग किती टक्के, हे दाजींनी सहीनिशी लिहून द्यायचे. कंपनीच्या माणसाने आकडा शिसपेन्सिलीने आधीच लिहून ठेवला होता. ७०!

"खरा किती?" मी विचारले.

दाजी गप्प. भाचाच बोलला, "मामा, तार आपली, आवरण आपले, दांडा आपला. लोहचुंबक चीनचे. वेग सांभाळणारी पट्टीही चीनची. वरचे नाव खरवडून आपले चिकटवायचे."

"सगळेच करतात," दाजी म्हणाले. "मी नाही केले तर शेजारचा करील. यंत्राचा हप्ता काय तुमचे ते सदर भरणार आहे?"

यावर मी काय बोलणार? पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि दाजींनाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रालयाने ४०० मालवाहू ड्रोनांचे करार रद्द केले होते. रक्कम सुमारे २३० कोटी. कारण चिनी भाग. मी ते बोलून दाखवले.

"पकडले गेले म्हणून," दाजी म्हणाले.

तोवर ताई सुपारी कातरीत बसली होती. तिने अडकित्ता खाली ठेवला आणि मुलाला विचारले, "काय रे, हे यंत्र उडवणारा कुठे बसलेला असतो?"

हा मुलगा चाकणच्या कारखान्यात नोकरी करतो, ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र त्याने सुट्टीत मिळवले, आणि सैन्यात जायचे त्याने मनाशी पक्के केले आहे. लेखी परीक्षा उतरला आहे. मुलाखत व्हायची आहे. २६ जुलै २०२५ ला द्रासला सरसेनापती उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या प्रत्येक पलटणीत ड्रोनची तुकडी असेल असे जाहीर केले, तेव्हापासून तर त्याला दुसरे काही सुचत नाही. डेहराडून, महू आणि चेन्नईच्या लष्करी संस्थांत याचे शिक्षण सुरू झाले आहे, आणि नाशिकरोडला लष्करी वैमानिकांच्या शाळेत दूरवरून चालवायच्या मोठ्या विमानांचे चालक तयार होतात, हे तो तोंडपाठ सांगतो.

"खंदकात नाहीतर झाडाआड, आई," तो म्हणाला. "तुकडी पुढे जाते, तिला वाट दाखवायची. शिकवतात तेही हेच. उडवणे आठवड्यात येते. वारा सुटला, संदेश तुटला, बॅटरी थंडीने उतरली, तर काय करायचे, यालाच खरे शिक्षण लागते."

"आणि मोटार बंद पडली तर?"

"तर पुढे काय आहे ते कोणालाच दिसणार नाही."

"मोटार तर कोणाचीही बंद पडेल," दाजी पुटपुटले.

"पडेल. पण पडली तर दुसरी मिळेल ना? की तेव्हाही चीनकडेच मागायची?"

हा घाव वर्मी बसला. कारण एप्रिल २०२५ मध्ये चीनने विशिष्ट लोहचुंबकांच्या निर्यातीला लगाम घातला, तेव्हा सबंध पट्ट्याचे धाबे दणाणले होते. विजेवर चालणाऱ्या चेतकचे ऑगस्टातले उत्पादन शून्यावर येण्याची भीती बजाज ऑटोने जाहीर बोलून दाखवली होती. दाजींच्या वर्कशॉपातही त्या पावसाळ्यात नवे यंत्र तीन आठवडे झाकून ठेवलेले होते. दुचाकी थांबली तर गिऱ्हाईक थांबते. सरहद्दीवर कोण थांबणार?

"सही करायची तर करा," ताई म्हणाली. "पण याला समोर बसवून करा."

दाजी उठून गॅलरीत गेले. पुष्कळ वेळाने परत आले, चष्मा लावला आणि मला म्हणाले, "घ्या कागद. मांडा हिशेब." रात्री साडेबारापर्यंत आम्ही तार, आवरण, दांडा, बेअरिंग, मजुरी असे एकेक कलम मांडीत होतो. आकडा आला ४३. दाजींनी ७० खोडून शाईने ४३ लिहिले आणि खाली चुंबक व पट्टी कुठली, तेही लिहिले.

गोष्ट इथे संपून दाजींना पदक मिळाले असते तर लिहायला मजा आली असती. तसे काही झाले नाही. मोटारींचे काम दुसरीकडे गेले. पंधरा दिवसांनी त्याच कंपनीने पंखांचे दांडे आणि उतरायचे पाय करण्याचे लहानसे काम पाठवले. त्यातून कामगारांचा बोनस सुटला, हप्ता सुटला नाही. दाजी आता चुंबकाविना किंवा कमी चुंबकात चालणाऱ्या मोटारीच्या मागे लागले आहेत. रात्री नऊनंतर त्यांना फोन केला तर ते त्रासिक आवाजात बोलतात.

औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले ते १९६२ साली, आणि त्याच साली चीनने हिमालयात आपल्याला गाठले. तेव्हा घरोघरच्या बायकांनी हातातल्या बांगड्या संरक्षण निधीला काढून दिल्या. आमच्या आईनेही एक दिली होती. आज सोने मागायला कोणी येत नाही. एक खरा आकडा मागतात. तो देणे बांगडी देण्याइतकेच जड जाते, हे मी त्या रात्री पाहिले.

निघताना ताईने फराळाचा डबा दिला आणि भाचा सोडायला खाली आला. "मामा, गुरुजींना काय सांगायचे?" तो म्हणाला. "शस्त्र, वाहन की अवजार?"

"मुलाखतीत विचारले तर काय सांगशील?"

तो थोडा थांबला. "खर्चाची वस्तू आहे म्हणेन. पण चालवणारा नव्हे."

दारात ताई उभी होती. तिने ते ऐकले की नाही, मला कळले नाही.