पगारपत्रकावरची मोटार

एकेकाळी या देशात मोटार घ्यावयाची म्हणजे पैशांपेक्षा संयमाची परीक्षा असे. १९५९ च्या मोटारगाडी वितरण व विक्री नियंत्रण आदेशान्वये गाड्यांच्या वाटपावर सरकारचा हात आला, आणि सरकारी कोट्यात ज्याचे नाव बसे त्याची रांग आपोआप आखूड होई. आज ती रांग उरलेली नाही. गाड्याच गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असतात. मात्र रांगेबरोबर विशेषाधिकारही गेला, असे समजण्याचे कारण नाही. पूर्वी तो क्रमांकात दिसे, आता किमतीत दिसतो. 'कर्मचारी सवलत' हे त्याचे आजचे नाव होय.

या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात. मोटार कारखान्याने आपल्या कामगाराला स्वस्तात गाडी दिली, तर तो त्याच्या श्रमाच्या मोबदल्याचाच भाग ठरतो. त्याविषयी इतरांनी तक्रार करण्याचे कारण नाही. सैनिकांना कँटीन स्टोअर्स विभागामार्फत मिळणाऱ्या गाडीवर वस्तू व सेवाकराचा भार निम्म्याने हलका होतो. तेथे झीज सरकारी तिजोरी सोसते, आणि समाजाने ती जाणूनबुजून पत्करलेली आहे. तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे. सरकारी नोकर, शिक्षक, पोलीस, बँक कर्मचारी यांना गाडी उत्पादक व विक्रेते आपण होऊन जी सूट देतात, ती कृतज्ञतेपोटी दिलेली नसते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने प्रवास सवलतीच्या बदल्यात खरेदीची मुभा आपल्या कर्मचाऱ्यांना दिली, तेव्हा मारुती सुझुकीने लगोलग सरकारी नोकरांसाठी ११ हजार रुपयांपर्यंतच्या खास सवलती जाहीर केल्या. दरमहा ठरलेल्या तारखेस ज्याचा पगार जमा होतो, त्याला कर्ज देताना सावकाराची झोप उडत नाही. सूट मिळते ती या निश्चिंतीला.

या सवलतीच्या शब्दांत मोहिनीही मोठी आहे. जून २००५ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने 'आमच्या कामगाराला जी किंमत, तीच तुम्हाला' अशी घोषणा केली. त्या महिन्यात तिची विक्री आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा चाळीस टक्क्यांनी वाढली आणि पुढच्याच महिन्यात फोर्ड व क्रायस्लर त्याच वाटेने गेल्या. मेगन बस, डंकन सिमेस्टर आणि फ्लोरियन झेटलमायर या अभ्यासकांनी नंतर या व्यवहारांची छाननी केली. तीत असे आढळले, की अनेक गाड्यांच्या बाबतीत लोकांनी 'कामगारांची' म्हणून मोजलेली किंमत आधीच्या किमतीपेक्षा अधिक होती; कारण पूर्वीच्या सवलतींनी ती त्याहून खाली आलेली होती. याहून स्वस्त मिळणार नाही, या विश्वासानेच माल खपला. आपल्याकडील नोकरदारानेही यावरून बोध घ्यावा. केवळ आपल्यासाठी म्हणून सांगितलेली सूट सणासुदीच्या सर्वसाधारण सवलतीहून खरोखर मोठी आहे की नाही, हे त्याने पाहावयास हवे.

परंतु खरा प्रश्न आहे तो पगारपत्रक नसलेल्यांचा. जळकोटसारखा तालुका डोळ्यांसमोर आणावा. १९९९ मध्ये तालुक्याचा दर्जा मिळालेला हा लातूर जिल्ह्यातील डोंगराळ, कोरडवाहू मुलूख. येथील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर, आणि तोही पावसाने साथ दिली तर. त्याच्याजवळ सातबारा असतो. पगारपत्रक कोठून असणार? मग घरातील नोकरीवाला भाऊ, नाही तर मास्तर असलेला मेहुणा पुढे केला जातो. सवलत त्याच्या नावाने, कर्ज त्याच्या नावाने, नोंदणीपुस्तकही त्याच्याच नावाने. गाडी मात्र शेतकऱ्याच्या दारात आणि हप्ते त्याच्या घामाचे.

काही हजारांच्या सुटीपायी केलेली ही सोय पुढे दोघांच्याही गळ्याशी येऊ शकते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की नोंदणी ज्याच्या नावे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, गाडी प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात होती हा बचाव चालत नाही. म्हणजे विम्याची मुदत टळली आणि गाडीखाली कोणी सापडले, तर ज्या मास्तरांनी ती कधी चालविलीही नाही त्यांच्यावर किटाळ येणार. उलट पक्षी भावाभावांत बिनसले, तर सर्व हप्ते फेडणाऱ्याच्या हाती कागदाचा एक चिटोराही नसतो. नात्यांवर एवढे ओझे टाकण्याइतकी ही सूट मोठी आहे काय?

व्यापाऱ्याने कोणास सूट द्यावी, हे सरकारने ठरवावे असे आमचे म्हणणे नाही. मात्र ती अंधारात असू नये. प्रत्येक विक्रेत्याने आपल्या दालनात मराठी फलक लावून कोणत्या गाडीवर कोणास किती सूट आहे, हे जाहीर करावे आणि दिलेली सूट पावतीवर दाखवावी. ग्राहकानेही केवळ सुटीचा आकडा न ऐकता पथकर, विमा, नोंदणी यांसह गाडी दारात येईपर्यंतची एकूण रक्कम लेखी मागावी, आणि तीच रक्कम दुसऱ्या दुकानाशी ताडून पाहावी. विक्रेत्याकडूनच विमा घेण्याचे बंधन नाही, हेही ध्यानात ठेवावे. एका हाताने दिलेली सूट पुष्कळदा तेथेच दुसऱ्या हाताने परत घेतली जाते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवाकर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लातूरच्या अधिकाऱ्याला आणि जळकोटच्या शेतकऱ्याला तो सारखाच लागू आहे. त्यासाठी कोणी कोणाचे पगारपत्रक मागत नाही. असा दिलासा प्रतिष्ठेने घेता येतो. बँकांनीही शेतकऱ्याच्या हंगामी उत्पन्नाशी जुळणारे हप्ते बांधून दिले, तर त्याला भावाच्या नावाचा आडोसा शोधावा लागणार नाही. ज्याने पैसे मोजले त्याच्याच नावाने गाडी उभी राहावी, एवढी साधी अपेक्षा पुरी व्हावयास काय हरकत आहे?