सत्त्वावजय निष्फळ ठरतो तेव्हा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आहे. आधुनिक समुपदेशनाचे मूळ सत्त्वावजयात आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ही चिकित्सा निष्फळ ठरल्यास तिचे मोल कोण देतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात हिंगोलीचाही समावेश झाला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ सेवाही मिळते. तरीही सेनगाव वा औंढ्याच्या खेड्यातील रुग्ण प्रथम आपल्याच दवाखान्याची पायरी चढतो. ‘झोप नाही, जीव घाबरतो’ एवढेच तो सांगतो. त्यामागील कर्ज, गेलेले सोयाबीन, लेकीचे लग्न तो बोलत नाही. त्याला समुपदेशनास धाडले, तर प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी व गाडीभाडे जाते. हळद शिजवण्याच्या दिवसांत खेप चुकते आणि उपचार तुटतो.

मग आपण म्हणतो, ‘रुग्णच हीनसत्त्व आहे.’ हा न्याय नव्हे. चिकित्सेचे पाद चार. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. अपयश आले की तीन पाद निर्दोष आणि चौथाच अपराधी, हे शास्त्रास धरून नाही. कर्जाचा भार केवळ धीराच्या शब्दांनी हलका होत नाही. मानसोपचारादरम्यान काही रुग्णांची अवस्था अधिक बिघडते, हे पाश्चात्त्य संशोधकांनीही नोंदविले आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद औषधदक्षता केंद्राकडे करता येते. फसलेल्या समुपदेशनाची नोंद मात्र कोठेच होत नाही. ती रुग्णाच्या घरात राहते. पत्नी रात्री जागते, मुलाची शाळा सुटते.

म्हणून वैद्यबंधूंना विनंती की, आत्मघाताचा विचार मनात येतो का, हे रुग्णास स्पष्ट विचारावे. तसे असल्यास त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पोहोचवावे. ब्राह्मी-अश्वगंधेच्या भरवशावर त्याच्या चालू गोळ्या बंद करू नयेत. उपचार तुटला तर कारण विचारून लिहून ठेवावे. औषधविक्रेत्यांनीही स्मरावे की, अल्प्राझोलाम २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहे. चिठ्ठीविना दिलेली झोपेची गोळी रुग्णाची व्यथा मिटवीत नाही, ती केवळ दडविते.

अपयश मान्य करण्यात वैद्याची अप्रतिष्ठा नाही. ते रुग्णाच्या माथी मारण्यात मात्र निश्चितच आहे.